औषधाच्या डब्यातली पांढरी कांडी

माझ्या पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आईला मी ओठ रंगवून एकादशीच्या भजनाला पाठवलं. मुद्दाम नाही पाठवलं, पण चूक माझीच होती. बायकोची नव्हती, आईची नव्हती, आणि ज्या बाईने मला ती वस्तू विकली तिची तर मुळीच नव्हती. तिने मला दुकानातच सावध केलं होतं. मी हसून वेळ मारून नेली.

त्या वस्तूला लिपस्टिक म्हणणं तसं बरोबर नाही. दुकानात तिला टिंटेड लिप बाम म्हणतात. बाम म्हटलं की औषध वाटतं, आणि लिपस्टिक म्हटलं की आमच्या घरात आई भुवई वर करते. या दोन शब्दांमध्ये जी चिंचोळी फट आहे, तिच्यात मी पन्नाशीच्या वयात लपायला गेलो.

आम्ही विरारला मनवेलपाड्यात राहतो. बाबा गेल्यापासून आई, बायको आणि मी. आई कोकणातली. तिच्या मते पावडर चालते, गजरा चालतो, केसांना काळं लावलं तरी चालतं, पण ओठ रंगवतात ते नाटकात. हे मत तिने आमच्या लग्नानंतर लगेचच, कुणाचंही नाव न घेता, वरणाला फोडणी देताना जाहीर केलं होतं. बायकोला लिपस्टिक आवडायची. तेव्हा मी आईला एक वाक्य बोलायला हवं होतं. मी बायकोला म्हणालो, "बाहेर लाव ना, घरी कशाला?"

तर ती बाहेर लावू लागली. ती वसईला कोर्टाजवळ एका वकिलाच्या ऑफिसात काम करते. सकाळी कोपऱ्यावरून रिक्षा पकडली की रिक्षाच्या आरशात बघून लावायची आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी रुमालाने पुसायची. इतक्या वर्षांत तिचा हात असा बसला, की खड्ड्यातून रिक्षा गेली तरी रेषा हलत नसे. पण रोज पुसून पुसून आणि ऑफिसात डोक्यावर एसी, त्यामुळे ओठांची पार सालं निघू लागली. थंडीत एका रविवारी आम्ही राजोडीला किनाऱ्यावर गेलो होतो. खारा वारा लागला तशी ती सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती आणि मिठाने चरचरलं की डोळे मिटत होती. मी म्हटलं, आईचं भिरंडेल लाव. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. गावाहून त्याचा गोळा येतो, आणि आई तो टाचांपासून ओठांपर्यंत सगळीकडे चोळते. बायको म्हणाली, "त्याने ओठ बरे होतील हो. पण मला थोडा रंगही हवाय. रोज लावता येईल असा. नाटकातला नको, माझाच वाटेल असा. आणि पुसायला लागणार नाही असा."

शेवटची अट माझ्यासाठी होती हे मला कळलं. मी म्हटलं, मी आणतो. अपराधी माणसाला खरेदीचा फार उत्साह असतो.

वसईत बाजाराच्या तोंडाशी एक जुनं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, नवरीचे पांढरे हातमोजे, सगळं एकाच काचेखाली. दुकान चालवणारी बाई तिथल्याच गावातली, ख्रिस्ती. सगळे तिला आंटी म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. मी हळू आवाजात लिप बाम मागितला. तिने मोठ्या आवाजात विचारलं, "कोनासाठी?"

"बायकोसाठी."

"मग बायकोला घेऊन या ना. तिचे ओठ काय तुमच्या खिशात हायत?"

दुकानात आणखी दोन बायका होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. मी बायकोच्या अटी सांगितल्या. आंटीने काचेवर कांड्यांची रांग मांडली आणि माझा हात ओढून पालथा केला. त्यावर एकेक रेघ ओढत गेली. गाजरी, विटकरी, पिकल्या बोराचा, गुलाबी. त्या दोन बायकांनी माझ्या हातावर वाकून मतं द्यायला सुरुवात केली. विटकरी नको, आजारी दिसेल. गुलाबी गोऱ्या बाईला. वहिनी गोऱ्या आहेत का? मी म्हटलं, गव्हाळ. मग बोराचा घ्या. बोराचा बरा, पण तो चकाकतो, रोज ऑफिसात नको. माझा हात मधे असूनही माझा काही संबंध उरला नव्हता. मी एक स्ट्रॉबेरीच्या वासाचा उचलला तर आंटीने काढून घेतला. वासाचा नको म्हणाली, वास आला की जीभ फिरते, जीभ फिरली की ओठ आणखी सुकतात. "आनि तिला पानी प्यायला सांगा. नुसतं वरून चोपडून काय होतंय?"

एवढ्यावर बोराच्या रंगाचा घेऊन निघालो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण मी विचारलं, असा आहे का, जो दिसेल पण दिसणार नाही?

आंटी थांबली. "कोनाला लपवायचंय?"

मी म्हटलं, "आईला."

"वय काय तुमचं?"

मी सांगितलं. त्या दोन बायका बांगड्यांकडे वळल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. आंटीने खालच्या खणातून एक पांढरी कांडी काढली. अगदी मेणबत्तीसारखी पांढरी. म्हणाली, लावताना काहीच दिसत नाही. पाच-दहा मिनिटांनी रंग वर येतो, आणि ज्याच्या-त्याच्या ओठांप्रमाणे येतो, कुणाला फिका, कुणाला गडद. एकदा आला की लवकर जात नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पन आईला सांगून टाकलं तर सस्तात पडेल." मी हसलो आणि पिशवी घेतली.

घरी मी ती कांडी औषधाच्या डब्यात ठेवली. आईच्या प्रेशरच्या गोळ्या, खोकल्याचं औषध आणि पट्ट्यांच्या मधे. आईने विचारलंच, हे काय नवीन? मी म्हटलं, बाम.

"डोक्याचा?"

"ओठांचा. हिचे ओठ फुटतात ना, डॉक्टरांनी दिलाय. कोकमतेलच आहे त्यात, फक्त कांडीत भरलंय."

बायको ओट्याशी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी डब्याचं झाकण दोनदा लावलं. नंतर खोलीत म्हणाली, "डॉक्टर कशाला आणला मधे?" मी म्हटलं, बघ, आता घरातच लाव, आईसमोर लाव, पुसायचं काम नाही. आणि खरंच तसं झालं. बायको सकाळी आईसमोर उभी राहून पांढरी कांडी फिरवायची, चप्पल घालेपर्यंत ओठ होते तसेच, आणि रिक्षात बसेपर्यंत त्यांच्यावर हलका गुलाबी रंग यायचा. संध्याकाळी थोडा उरलेला असायचा. ओठही भरून आले. आई एकदा तिच्याकडे निरखून बघत म्हणाली, "गुण आला हो बामाचा." मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

मी एक गोष्ट विसरलो. आमच्या घरात औषध एकाचं नसतं. एकाला गुण आला की ते सगळ्यांचं होतं. माझ्या गुडघ्याचं तेल आईच्या खांद्याला लागतं, आईचं चूर्ण मला, बायकोचे डोळ्यांचे थेंब दोघांनाही. त्यात भिरंडेलाचा गोळा संपला होता आणि गावाहून यायचा होता.

एकादशीला आमच्या सोसायटीतल्या गणपतीच्या देवळात बायकांचं भजन असतं. आई त्यात पुढे गाते. चाल ती धरते, मग बाकीच्या उचलतात. पंच्याहत्तरीनंतरही तिचा आवाज जिन्यापर्यंत येतो, आणि पंधरवडाभर ती त्या एका संध्याकाळची वाट बघत असते. त्या एकादशीला तिला ओठ कोरडे वाटले. तिने डबा उघडला, कांडी घेतली, औषध आहे म्हणून भरपूर चोळली, आरशात बघितलं. काही दिसलं नाही. ती खाली गेली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. पहिलं पद संपेपर्यंत ठीक होतं. दुसऱ्याच्या मध्यावर समोरच्या बायका एकमेकींना कोपर मारू लागल्या. बायकोच्या ओठांवर जो रंग फिका यायचा तो आईच्या ओठांवर डाळिंबासारखा आला होता. आणि आई तोंड भरून गात होती. बी विंगच्या एक बाई पेटी वाजवतात. पुढे गाण्याची त्यांची इच्छा जुनी आहे. पद संपल्यावर त्या म्हणाल्या, "आजी, आज अगदी रंगात आलात." आईला वाटलं गाण्याबद्दल म्हणताहेत. ती म्हणाली, देवाची कृपा. मग मागून कुणीतरी म्हणालं, "वर आजोबांना उचक्या लागल्या असतील आज." सगळ्या हसल्या. आईही हसली, कारण तिला कळलं नव्हतं.

ते कळलं रात्री, भजनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला तेव्हा. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, मग माझ्या खोलीत येऊन फोन माझ्यासमोर धरला. "हे काय रे झालं माझ्या तोंडाला?"

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तिने आधीच साबणाने ओठ घासले होते, त्यामुळे ते आणखी लाल दिसत होते. ती म्हणाली, "हिला गुण आला आणि मला असं का?"

मी म्हटलं, "तुझ्या अंगात उष्णता जास्त असेल, आई. औषधाला उष्णता लागली की असा रंग येतो."

हे वाक्य मी कुठून आणलं मला माहीत नाही. एवढं मात्र खरं, की ते फार सहज आलं.

दुसऱ्या दिवसापासून आई उष्णतेवर पथ्य करू लागली. सब्जा भिजू लागला. गुलकंद आला. लोणचं बंद, आणि सुके बोंबील बंद. अर्नाळ्याचे सुके बोंबील भाजून भाकरीबरोबर, हे तिचं जगातलं सगळ्यात आवडतं जेवण. कोळीण दारात आली की आई आतूनच सांगायची, मला नकोत गो, मला उष्णता झालीय. कोळीण मला विचारायची, डॉक्टर काय म्हणतो? मी आत निघून जायचो.

हे निदान हसण्यासारखं होतं. भजनाचं नव्हतं. पुढच्या वेळी आई खाली गेली नाही. घसा बसलाय म्हणून निरोप पाठवला. त्याच्या पुढच्या वेळीही गेली नाही. पेटीवाल्या बाई पुढे गाऊ लागल्या. आई खिडकीशी खुर्ची घेऊन बसायची. खालून आवाज यायचा. चाल चुकली की तिचा मांडीवरचा हात थांबायचा, बरोबर झाली की पुन्हा ठेका धरायचा. बायकोने ते पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिने कांडी वापरायची सोडून दिली होती, तिचे ओठ पुन्हा फुटले होते.

"त्यांना वाटतंय बायका हसल्या त्या त्यांच्या रोगाला," ती म्हणाली. "आणि बायकांना वाटतंय आजी चोरून लिपस्टिक लावतात. अहो, तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर तुमची बाजू सांभाळून नाही सांगणार."

मी रविवारी सांगितलं. आई ताटात भिजलेले वाल घेऊन सोलत बसली होती. मी समोर बसलो, मदत करतो असं दाखवलं, दोन दाणे मोडले. मग सगळं बोललो. डॉक्टर नव्हता, कोकमतेल नव्हतं, उष्णता नव्हती. हिला रंग हवा होता आणि तुला ते सांगायची माझी हिंमत नव्हती.

आई सोलत राहिली. बरेच दाणे ताटात पडल्यावर म्हणाली, "म्हणजे मी बोंबील सोडले ते तुझ्यासाठी."

मी मान हलवली.

"आणि लिपस्टिक ती लावते हे मला माहीत नव्हतं असं वाटलं तुला?"

मी वर बघितलं.

"मेल्या, तिचे रुमाल कोण चोळतं इतकी वर्षं? ती म्हणायची जांभळं खाल्ली. थंडीत कसली रे जांभळं?" बायको दारात उभी होती, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आई पुढे म्हणाली, "ती माझा मान ठेवून पुसून यायची, मी तिचा ठेवून विचारत नव्हते. आमचं दोघींचं चाललं होतं बरं. तू मधे बाम घेऊन आलास."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"इथे कुणाला सांगतोस? इथे कोण हसलं मला?" तिने ताट बाजूला ठेवलं. "जिथे माझं हसं झालं तिथे बोल."

पुढच्या एकादशीला मी आई आणि बायकोबरोबर खाली गेलो. आई मागे भिंतीला टेकून बसली, पुढे नाही. बायको तिच्या शेजारी. देवळात मी एकटाच पुरुष. पेटीवाल्या बाईंनी विचारलं, काय काम काढलंत? मी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि सांगितलं, की त्या फोटोतल्या एकादशीला आईने लिपस्टिक लावली नव्हती. तिने एक कांडी औषध समजून लावली, आणि औषध म्हणून मीच तिला फसवलं होतं.

पेटीवाल्या बाई मायेने म्हणाल्या, "किती गुणाचा मुलगा हो, आजी. आईसाठी खोटंसुद्धा बोलतो."

बायका माना डोलावू लागल्या. एकीने डोळेही टिपले. इतके महिने खोटं बोलत होतो तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि खरं बोलायला उभा राहिलो तर हे. मी पुन्हा सांगू लागलो, की कांडी पांढरी असते, रंग नंतर येतो. तेव्हा एक बाई दुसरीला म्हणाली, पांढरी लिपस्टिक कुठे असते का? मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, टाळांची दोरी सोडवत होती. बायकोने मात्र पर्स उघडली आणि ती कांडी माझ्या हातात दिली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ते फार लांबही नव्हतं.

मी सगळ्यांना कांडी दाखवली. पांढरी. मग तिथेच, गणपतीसमोर, ओठांना लावली. वरचा, खालचा. कशी लावतात हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे थोडी मिशीलाही लागली. काहीच दिसलं नाही. "बघा," पेटीवाल्या बाई म्हणाल्या, "काही नाही." मी म्हटलं, थांबा थोडं, एक पद होऊ दे.

त्यांनी पेटी धरली आणि पद सुरू केलं. सगळ्या गात होत्या आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी हात जोडून उभा होतो. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या बाईचा टाळ चुकला. तिने शेजारणीला कोपर मारलं. मग एकीचा आवाज हसण्यात गेला, मग दुसरीचा, आणि पेटीवाल्या बाईंनी वर पाहिलं आणि त्यांची बोटं पट्ट्यांवरच राहिली. आरसा नव्हता, पण बायकोने तोंडावर पदर धरलेला पाहून मला अंदाज आला. रंग कुठला आला होता हे तिने मला घरी गेल्यावर सांगितलं. गाजरी.

पद अर्ध्यात थांबलं होतं. कुणीतरी मागे वळून म्हणालं, आजी, तुम्हीच उचला आता. आई उठली, पुढे आली, पेटीशी बसली. मग माझ्याकडे बघून, अगदी शाळेत असताना बघायची तशी, म्हणाली, "हं, बोल."

मी त्या रंगलेल्या ओठांनीच बोललो. "आई, तुला बाम म्हणून फसवलं, मग उष्णता म्हणून फसवलं, आणि तुझी जागा गेली तरी गप्प बसलो. माझं चुकलं. आणि हिला ओठ रंगवायला आवडतात, हे लग्नाच्या वर्षीच तुला सांगायचं होतं. ते न सांगून हिला गल्लीच्या तोंडाशी रोज तोंड पुसायला लावलं, तेही माझंच चुकलं. तुम्हा दोघींची मी माफी मागतो."